डोकं तापलं की

नेब्रास्कातल्या आमच्या कत्तलखान्यात व्हर्नने शेजारी काम करणाऱ्या कर्टिसला मांस लटकवायचा लोखंडी आकडा फेकून मारला. कर्टिसचा कान लोंबायला लागला. फरशीवर जनावराचं रक्त कुठलं आणि कर्टिसचं कुठलं, काही कळेना.

साहेबांनी व्हर्नची कॉलर धरली. "एक तर पोलिसांना बोलावतो, नाहीतर भिंतीवरच्या त्या मदतीच्या नंबरला फोन लाव. समुपदेशनाचा खर्च कंपनी करते."

"मी काय वेडा आहे?" व्हर्न गुरगुरला.

"वेड्यांच्या हातात आम्ही सुरा देत नाही. लाव फोन!"

फोनवरच्या बाईंनी उपाय सोपा सांगितला. डोकं तापलं की सुरा खाली ठेवायचा आणि सरळ घरी जायचं. साहेबांनीही पगार न कापता तशी मुभा दिली. त्यानंतर कत्तलखान्यात कुणाला साधी चापटसुद्धा बसली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी आम्ही व्हर्नच्या कौतुकाचा केक आणला. कर्टिसने तर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. व्हर्नची बायको लॉर्ना मुद्दाम आली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हाताने केक कापत होती.

"हाताला काय झालं गं?" मी विचारलं.

तिने आधी व्हर्न कुठे आहे ते पाहिलं, मग माझ्या कानाशी आली.



"अगं, तो नंबर बायकोला चालतो का? हल्ली डोकं तापलं की तो सरळ घरी येतो."