मधला खण

गोदामाच्या वरच्या मजल्यावर खांबांनी पाडलेल्या तीन खणांपैकी मधल्या खणातली शेवटची चळत हमालांनी उचलली आणि इंजिनिअर बाईंच्या पायापुढची जमिनीतली भेग रुंदावली. आवाज नाही, धूळ नाही. मघाशी केसाएवढी होती, आता तिच्यात पोस्टकार्डाची कड सहज गेली असती.

"एवढ्याशा चिरेसाठी हा माणूस बावीस वर्षं आमची जागा अडवून बसलाय," मॅनेजर म्हणाला. "शेवाळी रंगाच्या टाइल्स, मॅडम! फुकट दिल्या तरी कुणी संडासात लावणार नाही. पण इथून हलवायचं म्हटलं की याच्या पोटात दुखतं."

हा माणूस म्हणजे गोदामकाका. गोदाम उघडल्यापासून या वरच्या मजल्याच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या. ते खांबाशी उभे होते.

"विकायला माझी ना नव्हती," ते म्हणाले. "आधी इथे दुसरं काहीतरी आणून ठेवा, मग न्या, एवढंच म्हणत होतो. शेजारचे दोन खण भरलेले असताना हा रिकामा केला, की इथली जमीन फुगते."

"फुगून बसायला ती काय नवी नवरी आहे?" मॅनेजर हमालांकडे बघून हसला. हमाल हसले नाहीत.

मॅनेजरच्या खिशात काकांना कामावरून कमी करण्याचं पत्र तयार होतं. सही तेवढी राहिली होती. जमिनीला काही झालेलं नाही, असं बाई म्हणाल्या की तीही होणार होती. बाईंनाच बोलावलं, कारण या इमारतीची सगळी आकडेमोड बाईंची होती.

बाईंनी जुना नकाशा एका खोक्यावर पसरला. कडेला दोन लांब खण, मधे एक आखूड, आणि तिन्हींखालून सलग गेलेला बीम. बीमच्या वरच्या अंगाच्या लोखंडी सळ्या खांबांपासून मधल्या खणात थोड्या पुढे येऊन थांबल्या होत्या. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं, मग भेगेकडे पाहिलं. सळ्या जिथे संपत होत्या, बरोबर तिथेच ती होती.

तिन्ही खण गच्च भरलेले धरून त्यांनी तेव्हा हिशोब केला होता. सगळीकडे जास्तीत जास्त माल. याहून वाईट काय व्हायचंय? अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला असंच वाटतं. पण मधला रिकामा असला, की कडेचे खण मालाने खाली वाकतात आणि त्यांच्या ओढीने मधला वर उचलला जातो. त्याला वरून वजन तरी हवं, नाहीतर वरच्या अंगाला अखंड लोखंड. लोखंड बाईंनी घातलं नव्हतं. वजन काकांनी ठेवलं होतं.

बाईंचे कान गरम झाले. इतकी शरम त्यांना कित्येक वर्षांत वाटली नव्हती. "कडेच्या मालाच्या ओढीने मधला खण वर उचललाय," एवढंच त्या म्हणाल्या.

"म्हणजे कडेच्या खणांत यानेच बेसुमार माल लादलाय, असंच ना?" मॅनेजर म्हणाला. "तसं लिहून द्या, विषय संपला."

भिंतीवरच्या पाटीत नेमून दिलेल्या उंचीच्या वर एकही चळत नव्हती. पण पाटी वाचतो कोण? बाईंनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. बावीस वर्षांपूर्वीचे कागद उपसून बघायला कुणी येणार नव्हतं.

"मॅडम," काका भेगेवरची नजर न काढता म्हणाले, "खाली पॅकिंगच्या बायका बसल्यात. त्यांना बाहेर घेऊ का?"

"घ्या," बाई म्हणाल्या. "आणि कडेचा निम्मा माल इथे आणायला सांगा. आत्ता." मग त्या मॅनेजरकडे वळल्या. "चूक माझी आहे. मधला खण रिकामा धरून मी हा बीम तपासलाच नाही. लिहून द्यायचंय ना? हेच लिहून देते. पुढची दुरुस्तीही मीच करून देईन."

"अहो, पण तुमचं नाव..."

"नाव माझंच आहे की त्यावर."

मॅनेजरने खिशातलं पत्र काढलं, फाडलं आणि स्वतःच एक खोका उचलला.

तासाभरात मधला खण पुन्हा भरत आला. चळतींमधून वाकून बाईंनी बॅटरी मारली. भेग पुन्हा केसाएवढी झाली होती.

"तुम्हाला कळलं कसं?" त्यांनी काकांना विचारलं.

"कळलं कुठलं हो! हा खण रिकामा झाला की हातगाड्याचं चाक इथे अडखळायचं. भरला की नाही अडखळायचं. मग रिकामा ठेवलाच नाही."

बाईंनी नकाशाचा खालचा कोपरा काकांपुढे सरकवला. तिथे दोन चौकटी होत्या. वरची 'रचना', तिच्यात बाईंची ऐटबाज सही. खालची 'तपासणी'. तेव्हाच्या घाईगडबडीत ती कोरीच राहिली होती.

"इथे सही करा," बाईंनी पेन पुढे केलं.

"मी?" काका गडबडले. "मला यातलं काय कळतं?"

"करा हो."

काकांनी शर्टाला हात पुसले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि शाळेतल्यासारखी एकेक अक्षर जोडत सही केली. मग पेन तसंच धरून त्यांनी वर पाहिलं.

"तारीख कुठली टाकू, मॅडम?"