मोहाखालची देवी

चांदा शहरात परकोटाच्या आत, गुणाबाईच्या दारासमोर मोहाचं एक जुनं झाड उभं होतं. त्याच्या ढोल्यांत पोपटांचा असा गलका चाले, की घरातलं बोलणं घरात ऐकू येत नसे. पण मूलबाळ नसलेल्या गुणाबाईला त्या गलक्यानंच घर भरल्यासारखं वाटायचं.

छप्पन सालच्या दिवाळीआधी मोहल्ल्याचे पुढारी दादाजी यांनी फर्मान काढलं, दंडारीच्या खेळाच्या मांडवाला जागा पाहिजे, मोह पाडा. वहाब सुतार कुऱ्हाड घेऊन आला, खोडावर हात फिरवत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "बाई, बुडातल्या गोट्याले शेंदूर लावून द्या. मंग कोणाची हिंमत होते, पाहू."

गुणाबाईनं गोट्याला शेंदूर फासला, वर दोन फुलं ठेवली. दुसऱ्या दिवशी खुद्द दादाजींनीच तिथं नारळ फोडला आणि मांडव दुसरीकडं गेला. वर्षभर देवी नवसाला पावत राहिली, पोपटांची वीण वाढत राहिली, आणि गुणाबाई मनातल्या मनात वहाबला दुवा देत राहिली.

पुढच्या नवरात्रात दादाजी हात जोडून तिच्या ओट्याशी आले. मागं वहाब खाली मान घालून उभा होता, हातात कुऱ्हाड.



"गुणाबाई, हे पोपट देवीच्या अंगावर हागून राह्यले, म्हणून मोह तोडून टाकतो, पण देवी पहिले तुम्हाले दिसली, तं नारळ तुमच्याच हातानं फुटला पाहिजे."