गळ्यातला पट्टा

लाकूड कुठे तोडायचं आणि जनावर कुठे राखायचं, हे जंगलखात्याचा कॉम्प्युटर ठरवायचा. अस्वलाच्या गळ्यातल्या पट्ट्याचा सिग्नल जिथून येईल, तिथे कोसभर करवत चालवायची नाही, हा त्याचा नियम. आणि अस्वल नेमकं ठेकेदाराच्याच जंगलात ठाण मांडून बसलं होतं!

शेवटी ठेकेदाराचं डोकं फिरलं. मेहुण्याला घेऊन तो गुहेत शिरला आणि कुऱ्हाडीचे घाव घालत सुटला. झटापटीत मेहुण्याचा कान गेला, पण सातव्या घावाला अस्वलाची कवटी फुटली.

“दाजी, पट्टा हलायचा थांबला तर साहेब येतील हो बघायला,” जखम दाबत मेहुणा कण्हला.

“थांबतोय कशाला?” ठेकेदाराने तो पट्टा आपल्या आरागिरणीवरच्या कुत्र्याच्या गळ्यात अडकवला, त्याला नदीपार दुसऱ्याच्या जंगलात नेलं आणि दगड मारमारून हाकलून दिलं.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. “अभिनंदन! अस्वल हललं, तुमचं जंगल मोकळं. फक्त तुमची आरागिरणी ताबडतोब बंद करा. कॉम्प्युटरवर दिसतंय, ते सकाळपासून गिरणीच्या दारातच बसलंय.”