पाव इंच

"भावजी, मला इथे एक दार हवंय," लेखिका म्हणाली आणि तिनं लाकडी यानाच्या पोटात बोट ठेवलं.

दीर रंधा मारत होता. त्यानं मानही वर केली नाही. "दार मिळणार नाही. तिसऱ्या पुस्तकात तुम्हीच लिहिलंय, स्वयंपाकघराला एकच दार. त्या एका दारापायी तुम्ही बिचाऱ्यांना चार दिवस उपाशी ठेवलंत."

हातभर लांबीचं ते यान त्यानंच घडवलं होतं. बारा वर्षांपूर्वी वहिनीनं अवकाशातल्या नऊ माणसांची पहिली कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा या सुतार दिरानं हौसेनं नमुना करून दिला. एका इंचाला दहा फूट, असं माप. वरचं छप्पर उचललं की सगळ्या खोल्या दिसायच्या. पाच पुस्तकं तिनं त्यात डोकावून डोकावूनच लिहिली होती.

सहावं मात्र शेवटच्या प्रकरणात येऊन रुतलं होतं. नऊच्या नऊ माणसं स्वयंपाकघरात जेवायला बसलेली, बाहेरचा बोळ कोसळलेला, इंजिन तापत चाललेलं आणि ते बंद करायचा खटका पार दुसऱ्या टोकाला. मध्ये पाण्याची लांबलचक टाकी. प्रकाशकांना सोमवारी हस्तलिखित हवं होतं, आणि माणसं तीन आठवडे ताटावरून हललेली नव्हती.

"एक दार नवं पाडलं तर कोणाला कळतंय?" ती म्हणाली.

"मास्तरांना कळतंय."

मास्तर म्हणजे तिचे सर्वांत निष्ठावान वाचक, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. पाचही पुस्तकांवरून त्यांनी स्वतःच यानाचा नकाशा काढून भिंतीला लावला होता. चौथ्या पुस्तकात दोन चंद्रांच्या ग्रहावर चुकून तिसरा उगवला, तेव्हा त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं, "पान एकशे बारा. हा कुठून आणलात?" लेखिकेनं ते अजून जपून ठेवलं होतं. त्या पोस्टकार्डाची तिला भीती वाटायची, आणि ते आलं नसतं तर वाईटही वाटलं असतं.

"मग उडवून द्या सगळ्यांना," दीर म्हणाला. "मालिकाही संपेल."

"खबरदार! बारा वर्षं सांभाळलीत मी ती माणसं. त्यातून स्वयंपाकीणबाई! तिला मारून मी रात्री जेवू कशी?" तिनं नाक ओढलं.

"लिहिता येईना, यान वाकडं," दीर पुटपुटला.

"वाकडं कुठलं? वाकडं असतं तर बरं झालं असतं! तुमचं काम इतकं चोख, की मुंगीला पळायला फट नाही. तेच नडलं."

रंधा थांबला. दिराचे कान लाल झाले. तो उठला, त्यानं हात पुसले, उगाच दाराकडे जाऊन बाहेर पाहिलं आणि परत आला.

"वहिनी, रागावणार नसाल तर एक सांगू?"

तिच्या उत्तराची वाट न बघता त्यानं बारकी पटाशी घेतली आणि टाकीच्या कडेची रंगवलेली पट्टी हळूच उचकटली. खाली एक सरळ काळी फट होती. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून थेट इंजिनापर्यंत.

"टाकीची फळी मी रुंदीला कमी कापली होती," तो म्हणाला. "लाकूड संपलेलं आणि तुम्हाला घाई. मग वरून पट्टी मारली, कडांना लांबी लिंपली, रंग दिला. पण आल्यागेल्याला तुम्ही हे यान दाखवता, आमच्या भावजींचं काम बघा म्हणता, की मी तिथून काढता पाय घेतो. झाकली मूठ होती, आज उघडली."

लेखिका रागावली नव्हती. ती फूटपट्टी शोधत होती.

"पाव इंच!" ती ओरडली. "म्हणजे अडीच फूट! भावजी, स्वयंपाकीणबाई मावेल?"

"अंग चोरून गेली तर. दुसऱ्या पुस्तकात जरा जाडच केलीत तुम्ही तिला."

"तीन आठवडे ताटावर नुसती बसून आहे. मावेल. पण आत शिरेल कुठून?"

"ओट्यामागे पातळ फळी आहे. उलथन्यानंसुद्धा निघेल."

लेखिकेनं त्याच्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली आणि प्लायवूडच्या एका तुकड्यावर भराभर लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचूही लागली, "नऊ जणांतलाच एक, यान बांधणारा सुतार, मोठा दूरदृष्टीचा होता. पुढचं संकट ओळखून त्यानं ही वाट मुद्दाम राखली होती."

दिराला ते आवडलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग तो वाकून त्या फटीत डोकावला.

"नको," तो म्हणाला. "मास्तर विचारतील. वाट मुद्दाम राखली, तर पाच पुस्तकं कोणाला सांगितली का नाही?"

पेन्सिल थांबली. खरंच होतं ते. सुटत आलेली गाठ पुन्हा बसणार होती.

"मग तुम्हीच सांगा, भावजी. इतकी वर्षं तो सुतार गप्प का बसला?"

"लाजेनं, वहिनी. तो चुकला होता. तसंच लिहा."

तिनं आधीच्या दोन ओळी खोडल्या आणि तसंच लिहिलं. दिरानं यानावर छप्पर ठेवलं. उचकटलेली पट्टी परत न बसवता त्यानं खिशात टाकली, आणि शीळ घालत पुन्हा रंधा हातात घेतला.