झाकणावरचा झिंगा

१७५९ साली लढाईपायी राजाचा खजिना रिकामा झाला आणि पॅरिसच्या बड्या घरांतली चांदी वितळायला टांकसाळीत निघाली. काउंटेस द व्हालेरीचं सुपाचं भांडंही जाणार हे कळताच, त्याच्या तळाला ज्याच्या नावाचा ठसा होता तो चांदीवाला ओनोरे ब्रिसार कामाच्या कपड्यांतच तिच्या दिवाणखान्यात घुसला. मागोमाग त्याची टोपी घेऊन त्याची बायको माद्लेन आली.

ते भांडं आमच्या नदीकाठच्या चांदीवाल्यांच्या गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही. कोबीच्या पानांचा पसरट तळ, लाटेसारखे वळलेले पाय, एक रेघ म्हणून सरळ नाही. झाकणावरचा झिंगा असा, की बोट लावायची भीती वाटावी. त्या एका भांड्यावर ब्रिसारचं नाव झालं होतं.

"बाईसाहेब, चमचे द्या, मेणबत्त्यांची शमादानं द्या! तेच का?"

"तीही देतेय. राजेसाहेब स्वतःची ताटं वितळवताहेत, ब्रिसार. आणि मी चांदीतून सूप वाढू?"

"निदान शेवटी पाठवा!"

"छे, आधी तेच. मला तशी विनंती झालीय."

"कुणाची?"

काउंटेस कॉफी ढवळत राहिली. "त्याचं मोल कळणाऱ्या माणसाची."

"पोंतेल!" ओनोरे ओरडला. "समोरच्या दुकानातला तो साप! जळतो मेला माझ्यावर!"

"अहो, टोपी घाला," माद्लेन म्हणाली. "चला."

रस्त्यात सगळा राग तिच्यावर निघाला. "दगड आहेस तू! माझं नाव भट्टीत चाललंय आणि ही टोपी सांभाळतेय!"

"मग दुसरं घडवा."

"असली वस्तू दोनदा होत नसते!"

"का बरं?"

त्यानं पुलाच्या कठड्यावर मूठ आपटली. मग गल्लीत शिरून पोंतेलच्या खिडकीची काच फोडली.

भांडं वितळलं. आठवड्याभरात एका बिशपांचा कारभारी दुकानात आला. बिशपांना अगदी तसंच भांडं हवं होतं, मागाल ती मजुरी मिळणार होती.

"मी स्वतःची नक्कल करत नाही!" ओनोरेनं त्याला दाराबाहेर काढलं आणि गर्रकन वळला. "तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"मी कुठं बोलले?" माद्लेन म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्यानंतर गिऱ्हाईक तुटत गेलं. ओनोरे साधे चमचे ठोकत राहिला, पिऊ लागला, आणि एका थंडीत छातीच्या दुखण्यानं गेला. ती विनंती आपली नव्हतीच, अशा शपथा पोंतेल मरेपर्यंत घेत होता. गल्लीत कुणी विश्वास ठेवला नाही. काउंटेस बरीच वर्षं मातीच्या ताटांत जेवली आणि त्याचा तोरा मिरवत राहिली.

आमच्या पेशात विधवेला नवऱ्याचं दुकान स्वतःच्या नावाच्या ठशानं चालवता येतं. माद्लेननं तो हक्क घेतला. तिचं पहिलंच काम सुपाचं भांडं होतं, काउंटेससाठी. तोच कोबी, तोच झिंगा.

काउंटेसनं ते उलटं करून तळाचा ठसा नीट पाहिला.

"चला, या खेपेला नाव खरं पडलं," ती म्हणाली. "आता तरी हे वितळवा म्हणून माझे पाय धरायला येऊ नकोस हं, माद्लेन."