जन्मजात ढ

भुलभुलैयाच्या टोकाला दाणे ठेवले होते, पण नव्या वाणाचा पाचवा उंदीरही वाटेतच मिशा साफ करत बसला. नगरच्या कॉलेजातल्या सरांनी वहीत ‘वाण जन्मजात ढ’ असं लिहिलं. “बायडाबाई, संध्याकाळी हे सगळे मारून टाकू.” पिंजरे झाडणाऱ्या बायडाबाईच्या हातातली केरसुणी थांबली. ती बहात्तरच्या दुष्काळात जामखेडहून आलेली; चाचणीआधी उंदरांना दिवसभर उपाशी ठेवायचं, हे तिच्या जिवाला मानवत नव्हतं. “सर, ढ न्हाईत वो ती. पोटं भरल्यात त्यांची. माझ्यातली अर्धी भाकर मीच घालती रोज.” सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग ओळ खोडली. “उद्या पुन्हा पळवू. तोवर काही घालू नका.” दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडताच उंदीर जाळीला येऊन उभे राहिले. बायडाबाईनं पिंजऱ्याकडं पाठ केली आणि एकेक घास पाण्याबरोबर गिळत अख्खी भाकर संपवली.