आदबशीर गेम

सासूबाईंनी विष ओकलं आणि समोरचा पंखवाला सरडा जागच्या जागी आडवा झाला.

"शाब्बास सासूबाई!" शिंपी ओरडला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बरं.

पडद्यावर अक्षरं उमटली : 'अहो जिंकले!'

सासूबाई म्हणजे एक जांभळी, फुगलेली नागीण. हातात मावेल एवढा तो गेम. त्यात रानोमाळ हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना नावं ठेवायची आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचं. नावं ठेवण्यात शिंप्याच्या बायकोचा हात कुणी धरला नसता. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं तेवढंच केलं. ती गेल्यावर गेम कपाटात पडून होता. एका दुपारी करमेना म्हणून शिंप्यानं तो सुरू केला, आणि तेव्हापासून गल्लीत कुणाचेच कपडे वेळेवर मिळेनासे झाले.

गेम त्याला आवडायचं आणखी एक कारण होतं. तो फार आदबशीर होता. गेममधल्या घरातून निघताना दारात उभी असलेली आई म्हणायची, 'अहो, जपून जा!' दवाखान्यातली नर्स म्हणायची, 'अहो, दमलात ना? बसा.' रस्त्यातला गुंडसुद्धा 'अहो, थांबा!' असं म्हणूनच अंगावर यायचा. हल्ली बँकेतसुद्धा कुणी इतकं नीट बोलत नाही, असं शिंप्याला वाटायचं.

"भाऊजी, माझी पॅन्ट?"

दारात मेहुणी उभी होती. बायकोची धाकटी बहीण.

शिंप्यानं गेम घाईघाईनं टेपखाली सरकवला. "एक पाय झालाय."

"मग काय मी लंगडी घालत जाऊ? लपवू नका, दिसलाय मला. तो गेम द्या इकडे. ताई आजारी होती म्हणून तिला खेळायला दिला होता. मला परत पहिल्यापासून खेळायचाय."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"यात एकाच माणसाचा खेळ राहतो. नवा सुरू केला की जुना पुसला जातो."

शिंप्यानं टेपखालचा गेम काढून मुठीत घट्ट धरला. पण वस्तू तिची होती.

"पुसायच्या आधी बघून तरी घे," तो म्हणाला आणि त्यानं प्राण्यांची पेटी उघडली. "ह्या सासूबाई. म्हणजे माझी आई. ह्या वन्सं, कासव. काम दिसलं की मान आत. ही जळू म्हणजे घरमालक. आणि ही तू."

पडद्यावर एक पिवळी बेडकी आली. तोंड अंगापेक्षा मोठं. नाव : धाकटी. डाव : बडबड.

"तू बडबड सुरू केलीस की समोरचा गाढ झोपतो. फार कामाची आहेस."

"ताई गेली म्हणून वाचली," मेहुणी म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता तिनं डोळे पुसले. "आणि तुम्ही कोण?"

शिंपी कात्रीशी चाळा करत बसला.

"सांगा की. मी सांगू? ते ढेरपोटं अस्वल."

"तो पेपरवाला आहे. मी नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"सगळ्या पेट्या उपसल्या. सगळं गणगोत आहे. समोरच्या इस्त्रीवाल्याचं कुत्रंसुद्धा आहे. माझ्या नावाचं एक झुरळ नाही."

"ताईनं कधी नावानं हाक मारली होती का तुम्हाला?"

"कधीच नाही. म्हणून तर वाटलं, इथं तरी..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. गेम मेहुणीच्या हातात दिला आणि अर्धी पॅन्ट मशीनखाली ओढली. "घे. पूस जा."

मेहुणीनं भराभरा बटणं दाबली. शिंप्यानं मशीन काही चालवलं नाही. तो मान लांब करून तिच्या खांद्यावरून बघत होता.

'अहो यांचा खेळ कायमचा पुसायचा? हो. नाही.'

"बघ," तो म्हणाला. "पुसतानासुद्धा अहो म्हणतो. असा आदबशीर गेम मी बघितला नाही."

"कसला आदबशीर? मला तर 'राणीसरकार' म्हणायचा."

"तुला? तुला कशाला राणीसरकार म्हणेल?"

"कशाला म्हणजे? सुरुवातीलाच विचारतो ना, खेळणाऱ्याचं नाव काय म्हणून. आपण लिहू ते. मी राणीसरकार लिहिलं. मग काय, आई, नर्स, चोर, जो तो आपला त्याच नावानं..."

धाकटीची बडबड मध्येच थांबली. अशी ती कधी थांबत नसे.

तिनं पडद्यावरच्या 'अहो'वर बोट ठेवलं. मग 'नाही'वर बाण नेऊन बटण दाबलं. गेम हळूच कात्रीशेजारी ठेवला.

"पॅन्ट सावकाश करा," ती म्हणाली आणि निघून गेली.

शिंप्यानं अंगठ्यानं पडदा पुसला. पडदा स्वच्छच होता. त्यानं पुन्हा खेळ सुरू केला. घराच्या दारात आई उभीच होती.

'अहो, जपून जा!'

"हो गं," शिंपी म्हणाला.